लाडकी ५६० एसएल विकायचीय? जुनी मर्सिडीज कन्व्हर्टिबल योग्य माणसाच्या हातात, योग्य भावाला कशी द्यायची

जुनी कॅमरी विकायला फार डोकं लागत नाही. वर्ष, मैल, अपघात झालाय का, एवढं टाकलं की भाव समोर येतो. जुन्या मर्सिडीज एसएलचं तसं नाही. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, जवळपास सारख्याच मैलांच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी एक दुसरीपेक्षा दीडपट किंवा दुप्पट भावाला जाऊ शकते, आणि लांबून बघणाऱ्याला फरक कळत पण नाही. फरक असतो तो फाइलमध्ये, गाडीच्या पोटाखाली, आणि विकणाऱ्याने किती खरं सांगितलंय त्यात.

मी न्यू जर्सीत राहतो, माझ्याकडे १९८८ ची ५६० एसएल होती, स्मोक सिल्व्हर रंग, आत तपकिरी लेदर. खूप वर्षं जिवापाड सांभाळली आणि मग विकली. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की कशी विकली, कुठे टाकली, पैसे कसे घेतले, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. उदाहरणं ५६० एसएलची आहेत कारण ती मला आतून-बाहेरून माहितीय, पण ४५० एसएल, ३८० एसएल किंवा दुसरी कुठलीही जुनी महागडी कन्व्हर्टिबल असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी एक प्रश्न येतोच, की विकण्यापेक्षा पुण्याला का नाही पाठवत? नाही जमत. भारतात वापरलेली गाडी आणायची तर साधारणपणे ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे. अमेरिकेतली ५६० एसएल दोन्हीत बसत नाही. तेव्हा तो विचार सोडा.

आपली गाडी नेमकी काय आहे ते आधी स्वतःला माहीत पाहिजे

ही सिरीज, म्हणजे आर१०७, १९७१ ते १९८९ अशी तब्बल १८ वर्षं चालली आणि एकूण २,३७,२८७ गाड्या निघाल्या. त्यातल्या ५६० एसएल ४९,३४७, मॉडेल वर्ष १९८६ ते १९८९. ही ५६० युरोपात विकलीच नाही, ती मुख्यतः अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियासाठी होती. साडेपाच लिटरचं व्ही८ इंजिन, अमेरिकेत २२७ हॉर्सपॉवर, चार गिअरचा ऑटोमॅटिक, एबीएस, ड्रायव्हरची एअरबॅग. थोडक्यात गाडी दुर्मिळ नाहीये. मालकाला ती जगात एकच वाटते, ते प्रेम खरंच असतं, पण खरेदी करणाऱ्याला बाजारात कायम चार-पाच दिसत असतात. म्हणून 'रेअर' हा शब्द जाहिरातीत टाकू नका, जाणकार माणूस तिथेच वाचायचं थांबवतो.

व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बघा. अमेरिकेतल्या ५६० एसएलचा व्हिन डब्ल्यूडीबीबीए४८डी ने सुरू होतो, आणि दहावं अक्षर वर्ष सांगतं: जी म्हणजे १९८६, एच १९८७, जे १९८८, के १९८९. टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) छापलेलं वर्ष आणि हे अक्षर जुळतंय ना ते आत्ताच तपासा. गिऱ्हाईक दारात उभं असताना घोळ निघाला तर सौदा तिथेच थंड होतो.

मग डेटा कार्ड मिळवा. कारखान्यातून निघताना गाडीला कुठला रंग होता, आत कुठलं लेदर, इंजिन नंबर काय, गिअरबॉक्स नंबर काय, कुठले ऑप्शन, सगळं त्यावर कोडमध्ये असतं, आणि व्हिन दिला की मर्सिडीजकडून मागवता येतं. रंगाचा कोड गाडीत पण असतो, बॉनेट उघडल्यावर रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीजवळच्या छोट्या प्लेटवर. माझ्या गाडीचा ७०२, म्हणजे स्मोक सिल्व्हर. लाल सिग्नल रेड असेल तर ५६८, आर्क्टिक व्हाइट १४७, काळी ०४०. हे का महत्त्वाचं, तर मधल्या कुठल्यातरी मालकाने रंग बदललेला असेल तर डेटा कार्ड ते लगेच दाखवतं, आणि ते तुम्ही आधी सांगणं आणि गिऱ्हाइकाने शोधून काढणं यात पैशाचा मोठा फरक पडतो.

फाइल

माझ्या मते विक्रीचं अर्धं काम हेच आहे. घरातले सगळे ड्रॉवर, गॅरेजमधले डबे, जुने ईमेल, जिथे जिथे गाडीचा कागद असेल तिथून गोळा करा. सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक पावतीवर मैल किती होते त्याला पेन्सिलने गोल करा, आणि वर एक पानाचा तक्ता ठेवा: तारीख, मैल, काय काम, कुठे केलं. मूळ विंडो स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवर लावलेला किमतीचा आणि ऑप्शनचा कागद) असेल तर ते वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. मालकाची पुस्तिका, सर्व्हिस बुक, रेडिओची पुस्तिका, सगळं एकत्र.

मैलांचा मुद्दा नीट हाताळा. त्या काळातल्या मर्सिडीजच्या ओडोमीटरमधलं प्लॅस्टिकचं छोटं गिअर तुटतं आणि आकडा थांबतो, स्पीडोमीटर मात्र चालूच राहतो, त्यामुळे कितीतरी गाड्यांवर जे मैल दिसतात ते खरे नसतात. तुमच्या पावत्यांवरचे मैल वर्षागणिक व्यवस्थित चढत गेलेले दिसत असतील तर ती सोन्यासारखी गोष्ट आहे, ती दाखवा. आणि मध्ये मीटर बंद होतं हे माहीत असेल तर स्पष्ट लिहा की एकूण खरे मैल माहीत नाहीत.

वस्तू पण याच वेळी शोधा. हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर), तो ठेवायचा स्टँड, टॉप उघडायची लोखंडी किल्ली, जॅक, टूल किट, स्पेअर व्हील, दोन्ही किल्ल्या, बेकरचा मूळ रेडिओ-कॅसेट काढून नवीन बसवला असेल तर जुना. माळ्यावर पडलेला तो जुना रेडिओ तुम्हाला भंगार वाटेल, नवीन मालकाला तो पाहिजेच असतो.

काय दुरुस्त करायचं, काय हात लावायचा नाही

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. विकायच्या आधी अख्खी गाडी रंगवू नका. जुना मूळ रंग, दोन-चार ओरखडे आणि दगडांचे ठिपके असलेला, नव्या रंगापेक्षा जास्त विश्वास देतो, कारण नव्या रंगाखाली काय लपलंय हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. जाणकार लोक रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतात, कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास दाखवतो, पुन्हा रंगवलेला भाग त्याच्या दुप्पट, आणि पुट्टी असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो. सीटचं लेदर पण बदलू नका, स्वच्छ करून कंडिशनर लावा, बास.

करायचं ते हे: सगळे दिवे लागले पाहिजेत, दोन्ही काचा वर-खाली झाल्या पाहिजेत, अँटेना पूर्ण वर जाऊन परत आत आली पाहिजे (आत नायलॉनची दोरी असते, ती तुटते, नुसता मास्ट बदलून काम होतं), सेंट्रल लॉक चाललं पाहिजे. या गाडीचं सेंट्रल लॉक व्हॅक्युमवर चालतं, एखादी रबरी नळी फुटली की सगळंच थांबतं, आणि नळी स्वस्त असते. बॅटरी चांगली, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड ताजं. टायर बघा. खोली भरपूर असली तरी वय बघायचं, टायरवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचे टायर असतील तर एक तर बदला नाहीतर भावातून तेवढे कमी होतील हे धरून चला.

टायमिंग चेनबद्दल जरा थांबून सांगतो, कारण या गाडीत सगळ्यात महागडा धोका तोच आहे. चेन दुहेरी आहे, मजबूत आहे, पण ती ज्या प्लॅस्टिकच्या गाइडवरून सरकते ते वयाने ठिसूळ होतात. नवीन असताना पांढरट असतात, जुने झाले की तेलाने तपकिरी होतात आणि एक दिवस तुकडा पडतो, तो चेनमध्ये अडकला की इंजिनच गेलं. जाणकार गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच येतो: गाइड कधी बदलले? पावती असेल तर ती पहिल्या फोटोंमध्ये टाका. नसेल तर मेकॅनिककडून व्हॉल्व्ह कव्हर काढून बघून घ्या, फोटो काढून ठेवा. काम करून घ्यायचं की नाही हे गाडीच्या एकूण भावावर अवलंबून, पण अवस्था माहीत पाहिजेच. (३८० एसएल असेल तर आणखी एक गोष्ट, १९८१ ते १९८३ च्या गाड्यांना एकेरी चेन होती, ती दुहेरीवर बदललीय का हा प्रश्न हमखास येणार, त्याचा कागद शोधा.)

गंज. मिशिगन, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, जिथे जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांना लोक आधीच संशयाने बघतात. गाडी लिफ्टवर घ्या आणि जॅक लावायच्या जागा, फेंडरची खालची कड, चाकांच्या वरची कमान, डिक्कीत कार्पेटखालचा पत्रा, आणि पुढच्या काचेखालची फायरवॉल (इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधला पत्रा), तिथे हीटरच्या बॉक्सजवळ पाणी साचतं, हे सगळं बघा. पायाखालचं कार्पेट ओलं लागत असेल तर तिकडूनच पाणी येतंय असं समजा. जे सापडेल त्याचा फोटो काढा, लपवू नका.

एसी थंड होत नसेल तर ते पण लिहा. या गाड्या आर१२ गॅसच्या होत्या, अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ च्या शेवटी बंद झालं, बहुतेकांनी आर१३४ए वर बदलून घेतलंय. तुमच्यात कुठला आहे तो लेबलवर बघून सांगा.

सॉफ्टटॉपची एक वेगळीच गंमत आहे. बऱ्याच मालकांनी हार्डटॉप लावून ठेवलेला असतो आणि खाली कापडी टॉप वर्षानुवर्षं घडी घालून बसलेला असतो, मग विकायच्या वेळी उघडतात तर आक्रसलेला, पुढपर्यंत पोचतच नाही. त्याला उन्हाळ्यात उन्हात एक-दोन दिवस अर्धवट ताणून ठेवा, हळूहळू येतो. मागची काच प्लॅस्टिकची आहे, थंडीत घडी घातली तर तडकते, म्हणून हे काम थंडीत करूच नका. टॉप हाताने चालतो, मोटर नाहीये, गिऱ्हाइकाला तुम्ही एकट्याने सराईतपणे उघडून-मिटून दाखवलात की त्याची भीती जाते. हार्डटॉप मात्र दोन माणसांचं काम, एकट्याने उचलायला जाऊन रंग खरवडू नका.

आणि आपल्याकडची खास गोष्ट. डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवलेला गणपती असेल तर तो ओढून काढू नका. या डॅशबोर्डचा वरचा थर उन्हाने आधीच कडक झालेला असतो, मूर्तीबरोबर तुकडा निघून येतो. हेअर ड्रायरने टेप कोमट करा, मूर्तीखालून दात साफ करायचा फ्लॉस करवतीसारखा पुढेमागे फिरवत सरकवा, राहिलेला गोंद बोटाने चोळून गोळी करून काढा. मी असाच काढला, डॅशबोर्डला एक चरा पण नाही. दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा फिक्कट डाग राहिला असेल तर क्ले बारने (रंगावरचा मळ ओढून काढणारी खास माती) हळू काढा, जोरात घासू नका.

भाव

मागणीचे भाव बघू नका, विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव बघा. ब्रिंग अ ट्रेलर या गाड्यांच्या लिलावाच्या वेबसाइटवर जुन्या लिलावांचे निकाल सगळे उघडे दिसतात, फोटोंसकट, खालच्या चर्चेसकट. गेल्या वर्षभरातल्या ५६० एसएल काढा, तुमच्या मैलांच्या जवळपासच्या वेगळ्या करा, आणि प्रत्येकीची चर्चा शेवटपर्यंत वाचा. लोकांनी काय विचारलं, कुठल्या उत्तरानंतर बोली वाढली, कुठल्या उत्तरानंतर थंडावली, हे वाचलं की आपल्या गाडीत काय कमी-जास्त आहे ते आपोआप कळतं. हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीच्या किमतीच्या साधनात अवस्था १ ते ४ अशा असतात, १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, ३ म्हणजे चांगली, चालवायची, किरकोळ खोडी असलेली. बहुतेक घरगुती जपलेल्या गाड्या ३ असतात. आपलीच गाडी म्हणून ती २ धरायचा मोह होतो, ३ धरा.

एक गोष्ट मनाला लागते पण सांगायला हवी: तुम्ही गाडीवर जे खर्च केलेत ते भावात परत येत नाहीत. गेल्या वर्षी चार हजार डॉलर सस्पेन्शनवर घातले म्हणून भाव चार हजाराने वाढत नाही. पण तीच पावती बाकीच्या गाड्यांपेक्षा तुमची आधी विकायला लावते.

वेळ मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंतची उत्तम. पहिलं ऊन पडलं की इकडे प्रत्येकाला उघडी गाडी हवी असते. नोव्हेंबरात घाईने विकू नका, परवडत असेल तर बॅटरीला मेन्टेनर लावा, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला आणि वसंतापर्यंत थांबा.

कुठे विकायची

डीलर लगेच पैसे देतो पण त्याला स्वतःचा नफा काढायचाय, तेव्हा कमी देणार. कन्साइनमेंट, म्हणजे दुकानात ठेवून विक्रीवर कमिशन, हे वेळ नसलेल्यांसाठी ठीक, पण करारात विमा कुणाचा, गाडी चालवायची परवानगी कुणाला, पैसे किती दिवसांत मिळणार हे लिहून घ्या. मर्सिडीज-बेंझ क्लब ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखांमध्ये खरे जाणकार असतात, तिथे आधी सांगून बघा, अशा ठिकाणी गाडीला चांगलं घर मिळतं.

मी सांगेन ऑनलाइन लिलाव, कागद भक्कम असतील तर. ब्रिंग अ ट्रेलरवर लिलाव साधारण आठवडाभर चालतो, शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ परत दोन मिनिटांवर जातं, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला कुणी हळूच पळवून नेऊ शकत नाही. जिंकणारा ५ टक्के फी वर देतो, विकणाऱ्याला लिस्टिंगची फी तेवढी. रिझर्व्ह (किमान भाव) ठेवता येतो, म्हणजे बोली त्याच्या खाली राहिली तर विकायचं बंधन नाही. रिझर्व्ह वास्तवातला ठेवा. फार वर ठेवलात आणि विकली गेली नाही, तर तो न विकल्याचा निकाल पण कायमचा सगळ्यांना दिसत राहतो. लिलावाचा आठवडा सुट्टीचा किंवा निदान मोकळा ठेवा, कारण प्रश्न रात्री-अपरात्री येतात आणि पटापट उत्तर देणाऱ्या मालकावर लोकांचा विश्वास बसतो.

ओळखीत विकायचं असेल तर जरा जपून. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी येतं, "काका, बाहेर कशाला देता, घरचीच गाडी आहे, मला द्या की," आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही. मी म्हणेन द्या, जरूर द्या, पण दोन गोष्टी करा. त्याला सांगा की तुझ्या पसंतीच्या मेकॅनिककडून, तुझ्या पैशाने, तपासून घे. आणि माहीत असलेले सगळे दोष एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. उद्या हीटर बिघडला की गणेशोत्सवात समोरासमोर यायचंय, तेव्हा हा कागद मैत्री टिकवतो. ओळखीचा म्हणून किती सूट द्यायची ते तुम्ही आधी मनाशी ठरवा, समोरच्याला ठरवू देऊ नका.

गाडी युरोपात जाण्याची पण शक्यता असते. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या मूळ अवस्थेतल्या गाडीला ऐतिहासिक गाडीची एच नंबरप्लेट मिळते, म्हणून कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या गंज नसलेल्या एसएल तिकडचे लोक शोधत असतात, नेल्यावर अमेरिकन मोठे बंपर आणि गोल हेडलाइट काढून युरोपियन बसवतात. असं गिऱ्हाईक आलं तर लक्षात ठेवा, निर्यातीसाठी अमेरिकन कस्टम्सकडे टायटल आणि गाडीची कागदपत्रं किमान ७२ तास आधी सादर करावी लागतात, तेव्हा टायटल स्वच्छ, तुमच्या नावावर आणि हातात पाहिजे. कॅलिफोर्नियाचा खरेदीदार असेल तर तिथे १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) लागते, तुमच्या गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेलं असेल तर आधीच सांगा.

फोटो आणि मजकूर

ढगाळ दिवस किंवा सूर्य मावळायच्या आधीचा तास. मागे मोकळी जागा, तुमच्या कचऱ्याचे डबे आणि शेजाऱ्याची मिनिव्हॅन नको. टॉप उघडा, सॉफ्टटॉप लावलेला, हार्डटॉप लावलेला, अशा तिन्ही अवस्था. मग व्हिन प्लेट, रंगाचा कोड, ओडोमीटर, टायरचे डॉट नंबर, डिक्कीचा पत्रा, गाडीचं पोट, सीटच्या शिवणी, आणि प्रत्येक दोषाचा एक जवळून आणि एक लांबून फोटो. शंभर फोटो झाले तरी जास्त नाहीत.

एक व्हिडिओ अगदी हवाच: रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनाचा पहिला स्टार्ट. बॉनेटवर हात ठेवून गार आहे हे दाखवा, मग किल्ली फिरवा, कॅमेरा बंद न करता ऑइल प्रेशरचा काटा आणि मग धुराड्याकडे जा. दुसरा, गाडी तापल्यावर बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू करतानाचा, कारण या गाड्यांच्या इंधन यंत्रणेत जुनं ॲक्युम्युलेटर (इंधनाचा दाब टिकवून ठेवणारा भाग) गेलं की गरम असताना लवकर सुरू होत नाही, आणि लोकांना ते बरोबर माहीत असतं.

मजकूर लिहिताना 'उत्तम कंडिशन, बघायलाच हवी' याने कुणाचं काही भलं होत नाही. असं लिहा: "ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला दोन इंच ओरखडा, फोटो बघा. एसी चालतो पण पूर्ण थंड होत नाही, आर१३४ए वर बदललेला. टायमिंग चेन आणि गाइड बदलल्याची पावती फाइलमध्ये. घड्याळ बंद. सॉफ्टटॉपची मागची काच पिवळट." वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस गाडी ओळखतो आणि लपवत नाही, आणि मग जे चांगलं लिहिलंय ते पण त्याला खरं वाटतं. घड्याळ बंद आहे हे सांगून कुणी पळून जात नाही, न सांगितलेलं घड्याळ मात्र बाकी सगळ्यावर शंका आणतं.

गाडी बघायला येतात तेव्हा

पहिल्याच फोनवर "शेवटचा भाव काय" विचारणाऱ्याला सांगा की गाडी बघून बोलू. गाडी चालवायला द्यायच्या आधी लायसन्सचा फोटो घ्या, विमा चालू आहे ना बघा, किल्ली देऊन एकट्याला पाठवू नका, शेजारी बसा. रस्ता तुम्ही ठरवा, थोडा शहरातला, थोडा हायवे, एखादा चढ. गप्प बसा, त्याला गाडी ऐकू द्या. त्याचा मेकॅनिक तपासणार असेल तर आनंदाने हो म्हणा, नाही म्हटलंत की गाडीत काहीतरी आहे असाच अर्थ निघतो.

एक फसवणूक बरीच चालते: कुणीतरी मेसेज करतं की अमुक एका वेबसाइटवरून गाडीचा रिपोर्ट काढून पाठवा, मग मी येतो. ती वेबसाइट त्यांचीच असते, तुमचा कार्ड नंबर जातो. रिपोर्ट द्यायचा तर तुम्ही स्वतः निवडलेल्या नावाजलेल्या कंपनीचा द्या.

पैसे

इथे संकोच करायचा नाही, माणूस कितीही सज्जन वाटो. घरी आणून दिलेला कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावाने काढलेला चेक) घेऊ नका. खोटा चेक पण बँक दुसऱ्या दिवशी खात्यात जमा दाखवू शकते, आणि दोन-तीन आठवड्यांनी तो खोटा निघाला की पैसे तुमच्या खात्यातून परत जातात, गाडी तर गेलेलीच असते. सगळ्यात बरं म्हणजे वायर ट्रान्सफर, आणि पैसे आले की नाही ते तुम्ही स्वतः तुमच्या बँकेला फोन करून विचारायचं, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. गिऱ्हाईक जवळच राहत असेल तर दोघं त्याच्या बँकेत जा, चेक तिथेच समोर बनू द्या. कुणी ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून "वरचे पैसे ट्रकवाल्याला द्या" म्हणालं तर संवाद तिथेच बंद करा. गाडी नफ्यात विकली गेली असेल तर नफ्यावर कर लागतो, तोट्यात गेली तर तो तोटा मात्र दाखवता येत नाही, तेव्हा खरेदीची आणि मोठ्या कामांची कागदपत्रं सीएकडे द्यायला जपून ठेवा.

कागद आणि निरोप

न्यू जर्सीत टायटलच्या मागच्या बाजूला खरेदीदाराचं नाव-पत्ता, तारीख, मैल आणि किंमत भरून सही करायची. एकदाच, काळ्या किंवा निळ्या पेनने, खाडाखोड चालत नाही. किंमत खरी लिहा, कितीही गळ घातली तरी सेल्स टॅक्स वाचवायला कमी लिहू नका, सही तुमची असते. जुन्या कर्जाची नोंद टायटलवर राहिली असेल तर बँकेकडून ती सुटल्याचं पत्र आधीच आणा, त्याला वेळ लागतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचं टायटल असेल तर नोटरी लागते, म्हणून तिकडे सही आधी करून ठेवू नका. बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) दोन प्रतींत, त्यावर 'जशी आहे तशी' हे शब्द, व्हिन, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. वेळ लिहिणं लोक विसरतात. त्याच संध्याकाळी त्याने कुठे धडकवली तर ती वेळ कामी येते.

ट्रक न्यायला येणार असेल तर टाकीत पाव टाकी पेट्रोल पुरे. शक्य असेल तर बंद ट्रक, आणि हार्डटॉप गाडीवरच लावून पाठवा. चढवायच्या आधी ड्रायव्हरसमोर चारी बाजूंनी फोटो काढा, त्याच्या कागदावर अवस्था नोंदवून घ्या. टायटल ग्लव्ह बॉक्समध्ये टाकू नका, ते वेगळं, ट्रॅकिंगच्या कुरिअरने जातं. पावत्यांची फाइल पण तशीच, आणि आधी सगळी स्कॅन करून घ्या, नव्या मालकाला एखादा कागद सापडला नाही तर तुमच्याकडून मिळेल.

जायच्या आधीच्या रविवारी घरच्यांना घेऊन एक चक्कर मारा. गाडी दोनच सीटची, त्यामुळे आम्ही आळीपाळीने गेलो, आधी बायको, मग मुलगी, आणि मुलीने आग्रहाने टॉप उघडाच ठेवायला लावला, बाहेर चांगलीच थंडी होती तरी. हे सगळं किल्ली द्यायच्या दिवशी करायला जाऊ नका. त्या दिवशी कागदांकडे लक्ष लागतं, आणि गिऱ्हाइकाला पण अवघडल्यासारखं होतं. त्याच्यासाठी तो आनंदाचा दिवस आहे. त्याला टॉप उघडायची पद्धत दाखवा, गाडीची खोड सांगा, म्हणजे माझी गार असताना पहिल्या गिअर बदलाला जरा उशीर करायची, ती बिघाड नाही हे त्याला माहीत असलेलं बरं. आणि नंतर महिना-दोन महिने त्याचे फोन येतील, ते घ्या.

शेवटचं राहिलं ते नंबरप्लेटचं. न्यू जर्सीत प्लेट गाडीबरोबर जात नाहीत, त्या काढून मोटर व्हेइकल कमिशनला परत करायच्या, ऐतिहासिक गाडीची क्यूक्यू प्लेट असेल तरी. परत केल्याची पावती घ्या आणि मगच विमा बंद करा, उलट्या क्रमाने केलंत तर नोटीस येते. विमा कंपनीने उरलेल्या महिन्यांचे पैसे परत केलेत का ते बघा, आणि ईझी पासच्या (टोल भरायच्या) खात्यातून हा नंबर काढून टाका.